मोठ्या रंध्याखालचं पाकीट

दि. १४ सप्टेंबर
सुतारशाळा, मधली सुट्टी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने इकडे सगळे सुखरूप. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तक्रार माझ्याबद्दलच जास्त. सुतारशाळेला नवं टेबल आलं, त्याचा एक पाय तीन मिलिमीटर आखूड. विकतचा माल!

तुमच्यासारखंच आम्हालाही यंदा संस्थेच्या ध्येयवाक्याला धरून वर्षाची उद्दिष्टं लिहायला सांगितली. 'सेवेसाठी घडलेले हात.' मी सतरा लिहिली. रंध्याला धार लावणे, गुण्याने काटकोन तपासणे, सांध्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत. प्रत्येकापुढे तारीख. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री सर, काम चोख आहे. पण या हातांनी सेवा कुणाची करायची, ते राहिलंच की!" आणि सगळ्या शिक्षकांसमोर नमुना म्हणून वाचलं कुणाचं? तुमच्या शाळेतून आलेलं, तुझं. एक ओळ. 'वर्षअखेर प्रत्येक मूल स्वतः केलेली एक वस्तू गरजू माणसाच्या हातात नेऊन देईल.'

टाळ्या पडल्या. संगीताच्या बाई मला म्हणतात, "भाऊ ना तुमचा? घरातच गुण आहे हो!"

घरात! तुझ्या हातात पहिली पटाशी मी दिली. तू शिकलास, हस्तव्यवसायाचा शिक्षक झालास, कागद मिळवलास. मला जे आलं ते लाकडाने शिकवलं, त्याचा कागद कोण देणार? खोटं कशाला बोलू, जळलो.

तुझी ओळ पोकळ आहे हे सिद्ध करायला मी ती सातवीला दिली. एका मुलीने वृद्धाश्रमातल्या अंध आजोबांसाठी पेटी केली. फट दोन मिलिमीटर.

"ही बाहेर जायची नाही," मी म्हटलं.

"सर, त्यांना कुठे दिसतंय?"

"म्हणूनच. ते बोटांनी बघतात."

वाटलं, आता रडेल. तिने डोळे मिटले, सांध्यावरून बोट फिरवलं आणि पेटीचा सांधा खोलला. तीन दिवस मधल्या सुट्टीत घासत होती. बावीस वर्षांत माझ्या धाकाने मुलांनी पुष्कळ सांधे दुरुस्त केले. न सांगता खोललेला हा पहिला. माझ्या सतरांपैकी एकानेही हे करवलं नव्हतं.

काल पेटी द्यायला मी बरोबर गेलो. आजोबा सांधा शोधत राहिले, सापडेना, तेव्हा हसले. ती पोरगी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे.

सोबत एक पाकीट आहे. सिस्टरनी दोन तारखेला माझ्याकडे दिलं होतं, "भावाला तुम्हीच पाठवा" म्हणून. उद्दिष्टं कशी लिहावीत ते आमच्या शिक्षकांना शिकवायला तू यावंस, असं बोलावणं आहे. उत्तर वीसपर्यंत हवंय. बारा दिवस ते मोठ्या रंध्याखाली होतं. विसरलो म्हटलं असतं तर तू मानलं असतंस, म्हणून म्हणत नाही. सिस्टरनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं, "अजून उत्तर नाही." यात खोटं काही नव्हतं, त्याचीच लाज जास्त वाटते.

उत्तर लगेच टाक. मी शेवटच्या बाकावर बसेन. फक्त सगळ्यांसमोर "हे सगळं दादाने शिकवलं" असं म्हणून मला मोठेपणा देऊ नकोस. तेवढं सोसणार नाही.

अजून जळतोच आहे, तरी ये म्हणणारा
तुझा दादा