बाबांचा कॅमेरा ठीक आहे

ती. आई,

मयूर विहारहून तुम्हा दोघांना नमस्कार. मी मजेत आहे. डबा वेळेवर येतो, मेट्रोत बसायलाही मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांना सांग, रविवारच्या फोटोग्राफीच्या क्लासला त्यांचाच रोलचा कॅमेरा नेते. माझा डिजिटल आपला आपण फोकस करतो. ह्याची रिंग मात्र नजरेनं बघून फिरवावी लागते, आणि चुकलं तर रोल धुऊन आल्यावरच कळतं.

माझे तिन्ही रोल धूसर आले. मी कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या आणि करोल बागेतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं स्वतः एक अख्खा रोल वापरून पाहिला. छत्तीसच्या छत्तीस फोटो लख्ख! “मॅडम, कैमरा बिल्कुल ठीक है,” एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

फोटो काढताना मला सगळं स्पष्टच दिसत होतं गं.

आई, बाबांची नजर जायला लागली तेव्हा ते किती वर्षांचे होते? मला मार्चमध्ये तेहतिसावं लागेल, म्हणून आपलं विचारलं.

त्यांना पत्र वाचून दाखवशील तेव्हा ‘कैमरा बिल्कुल ठीक है’ इथंच थांब.

तुझी,
मयुरा