डेलियाच्या नावाचा कागद

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप सुमित्रामावशीस,
अबोलीचा सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे महिन्याचं पत्र मराठीत आणि हाताने लिहितेय. कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या मुलीकडून याहून शुद्ध अपेक्षा ठेवू नकोस.

बातमी मोठी आहे. ब्रिटनच्या क्रॉस-कंट्री टीममधली माझी निवड पुन्हा एका जागेने हुकली. पण आयर्लंडच्या सिलेक्टरचा फोन आला. डॅडची आई, डेलियाआजी, तिथे जन्मली, म्हणून मला त्यांचं नागरिकत्व मिळू शकतं. कागद लगेच लावले तर पुढच्या वर्षी डिसेंबरच्या युरोपियन रेसमध्ये त्यांची जर्सी. रूममेट देवयानी म्हणते, तुझं बरं आहे यार, आजी सापडली की देश सापडतो. मला हसू आलं आणि लागलंही. कॉव्हेंट्रीत लोक विचारतात मूळची कुठली, पुण्यात मी इंग्लिश भाची, इथे अमेरिकेत कॉलेजमध्ये 'ब्रिटिश गर्ल'. आयर्लंड तर मी पाहिलंही नाही.

आजीचा जन्मदाखला मागवलाय. तेव्हापासून काहीतरी विचित्र होतंय. टेकडीमागच्या पायवाटेवर सकाळी धावताना मागे पावलं वाजतात. हलकी, अनवाणी वाटतात. मी थांबले की तीही थांबतात, पण एक पाऊल उशिरा. वळून पाहिलं तर वाट रिकामी. आईला सांगू नकोस.

मायेत कमी करू नकोस.
तुझी अबोली


पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१ ऑक्टोबर २०२४

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रात चुका फक्त अकरा. प्रगती आहे.

पावलांचं म्हणशील तर आधी पोटभर जेव. रिकाम्या पोटी सहा-सहा मैल धावलं की कुणालाही काहीही ऐकू येईल. तुझे काका म्हणतात, पानं सुकली की खारींचाही आवाज माणसासारखा येतो. तरी मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्यात. काकांनी विचारलं, मुलगी अडीचशे मैलांवर असताना दृष्ट कशी निघते. मी म्हटलं, तुम्ही ऑफिसचं काम घरून करता तशीच.

देश कुठला ते तुझं तू ठरव. फक्त धावायला एकटी जाऊ नकोस.

तब्येतीला जप आणि लिहीत राहा.
तुझी मावशी


स्टेट कॉलेज
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

दाखला आला. त्याबरोबर आजीच्या गावच्या चर्चमधल्या बाईंनी दुसरा एक कागद पाठवलाय आणि विचारलंय, काही घोटाळा तर नाही ना. त्यावरही डेलियाचंच नाव. तेच आईवडील, तीच जन्मतारीख. तो मृत्यूचा आहे. तळ्यात बुडून. वय वर्षं नऊ.

मावशी, मग कॉव्हेंट्रीत मला मांडीवर घेऊन सोडा ब्रेड भरवणारी कोण होती? डॅडना फोन केला. ते म्हणाले, जन्मदाखला लाव, दुसरा कागद विसरून जा.

आणि काल शर्यत होती. चौथ्या मैलाच्या वळणावर पाणी देणाऱ्या एक आजीबाई होत्या. संपल्यावर मला शोधत आल्या आणि रागावल्या. एवढ्या थंडीत त्या लहान मुलीला अनवाणी का पळवतेस, म्हणाल्या. फ्रॉकसुद्धा ओला होता तिचा.

मी पावलांबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोललेले नाही.

लवकर लिही.
अबोली


पिस्कॅटवे
२६ ऑक्टोबर २०२४

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॅडशी मी बोलले. मेहुणीपुढे माणूस मोकळा होतो. त्यांच्या आईने जाण्याआधी आठ दिवस त्यांना सांगितलं होतं की ती डेलिया नव्हेच. तिचं नाव उना. डेलिया तीन वर्षांनी मोठी. दोघी तळ्यापर्यंत शर्यत लावायच्या आणि डेलिया नेहमी पुढे. त्या दिवशीही पुढेच होती. काठ निसरडा होता. उना पोचली तेव्हा पाणी हलत होतं.

पंधराव्या वर्षी उना इंग्लंडला आली. हॉस्पिटलात नर्सिंगला अठराच्या आतल्या मुलींना घेत नसत, म्हणून तिने मेलेल्या बहिणीचा दाखला दाखवला. त्याच नावाने लग्न झालं, मूल झालं. थडग्यावरही तेच नाव आहे. आता आठवतं, तुझ्या आईच्या लग्नात तिला मागून हाक मारली तर ती वळायची नाही. समोर जावं लागायचं. आम्ही समजलो, कानाने अधू आहे.

डेलियाचा दाखला लावलास तर सगळे कागद जुळतील, कुणी विचारणार नाही. खरं लिहिलंस तरी तुझा हक्क राहतो, कारण उनाही तिथलीच. पण चौकशी होईल, रेस हुकेल. डॅडना आईच्या बदनामीची भीती वाटते. मला एवढंच कळतं की आपण पितृपक्षात गेलेल्याचं नाव घेऊन पान वाढतो. त्या पोरीचं नावच दुसरीने साठ वर्षं वापरलं. तिला कुणी कशी हाक मारणार?

सावध राहा. मी आहे.
मावशी


स्टेट कॉलेज
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

नागरिकत्वाचा कागद काल आला. डॅडच्या शपथपत्रासकट चौकशीला वर्षाच्या वर लागलं. डिसेंबरची रेस गेली. माझ्या जागी गेलेली मुलगी मँचेस्टरची, तिची आजी आयर्लंडातल्या गॉलवेची. ती सातवी आली. ते पाहताना मी रडले, खोटं कशाला लिहू. पण कागदावर आजीपुढे उना लिहिलंय, आणि डॅड कॉव्हेंट्रीला थडग्याचा दगड बदलून आले. मार्चमध्ये आयर्लंडची सिलेक्शन रेस आहे. मी जातेय.

एक गोष्ट वर्षभर तुला लिहिली नाही. खरे कागद पोस्टात टाकले त्या दुपारी मी पायवाटेवर गेले. एकटीच, रागावू नकोस. ऊन होतं. पावलं वाजू लागली तशी मी थांबले आणि मोठ्याने म्हटलं, डेलिया, तुझं नाव परत पाठवलंय.

या वेळी ते जास्तीचं पाऊल थांबलं नाही. ते माझ्या शेजारी आलं. ओल्या मातीचा वास आला आणि माझी डावी बाजू गार पडली. मग पावलं पुढे सुटली आणि मीही सुटले. वाळलेली पानं माझ्यापुढे दोन हातांवर आपोआप दबत होती. ओढ्यापर्यंत पाऊण मैल आहे. मी वेग मुद्दाम कमी केला नाही. लहान मुलांना ते लगेच कळतं.

ती जिंकली. ओढ्याच्या अलीकडे पानं दबायची थांबली. पाणी स्थिर होतं.

तुझ्या आशीर्वादाचा हात पाठीवर राहू दे.
तुझी अबोली