हाकेला ओ देऊ नये

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजित यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी इथं बरी आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. निशिगंधाची पाठ दुखायची थांबली असेल, तुझ्या दुकानात रब्बीच्या खताची गर्दी असेल. आईचा गुडघा थंडीत धरतो, तिला एरंडेल कोमट करून लावायला सांग. म्हणजे तू सांग. माझा निरोप म्हणून सांगितलास तर ती लावायची नाही.

पाकिटावर माझं नाव नव्हतं. टाइप केलेला पत्ता बघून तुला खताच्या कंपनीचं पत्र वाटलं असेल. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडता परत पाठवलं असतंस, आणि रविवारच्या पाठात उभं राहून तसं चारचौघांत सांगितलंही असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. हवं तर शटर अर्धं ओढून घे. लहानपणी माझी पत्रं चोरून वाचायचास तेव्हा दाराला कडी घालायचास, तुला सवय आहे.

बातमी अशी की येत्या सोमवारी तुझ्यावर दोन तक्रारी दाखल होणार आहेत. एक माझी आणि एक आत्याच्या आकारामची. तुला आधी कळवतेय ते तडजोडीसाठी नाही. आईला घेऊन माझ्या दारात आलास, पाया पडलास, तरी तक्रारी जाणार. हे आठ दिवस गिऱ्हाईकाला पोतं देताना तुझा हिशेब चुकावा, पाठाला बसल्यावर तुझं ध्यान उडावं, एवढीच माझी इच्छा आहे. ताई असून असं कसं लिहिते म्हणशील. लिहिते. मला लिहिताना बरंसुद्धा वाटतंय.

माझ्या वकीलबाई संघप्रिया कांबळे, इथंच राजारामपुरीत बसतात. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बाहेरच्या माणसाला सांगायला बसलं की आपलंच घर आपल्याला चमत्कारिक वाटायला लागतं. मी सांगितलं, मुरगूडला आमचा उजळवाट परिवार आहे, काकामहाराज गुरू आहेत, माझा धाकटा भाऊ त्यांचा मुख्य सेवक आहे. आमच्यात कुणी चुकलं की त्याला ‘विश्रांती’ देतात. बाई म्हणाल्या, “म्हणजे सुट्टी?” मी म्हटलं, नाही, म्हणजे त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. नवऱ्यानं नाही, आईनं नाही, पोरांनी नाही.

मग त्यांनी विचारलं की तुमच्याशी बोलणं बंद झालं तेव्हा तुम्ही राहत कुठं होता. मी म्हटलं, त्याच घरात.

फेब्रुवारी ते जुलै, पाच महिने, मग मी इथं निघून आले. आमचे हे गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा तूच टेम्पो घेऊन सामान आणायला आला होतास, “ताई, हे घर तुझंच हाय की,” म्हणाला होतास. त्याच घरात मी आले की तुम्ही बोलता बोलता थांबायचात. माझं ताट वाढून स्टुलावर ठेवलेलं असायचं, वर झाकण. दारात पाहुणा आला तर त्याला पाणी, चहा, आणि मी कामावरून आले तर सगळ्यांची नजर टीव्हीकडे. मार्चमध्ये मला ताप आला तेव्हा निशिगंधानं गोळीची पट्टी उंबऱ्यावरून आत सरकवली. तिचा मला राग नाही. बायको असून ती तुला भिते.

बाई म्हणाल्या, घरातल्या बाईचा भावनिक छळ कायद्यात आहे, पण त्यात न बोलणं असं अक्षरांत कुठं लिहिलेलं नाही. शिवीगाळ असती तर सोपं होतं. “तुमचा भाऊ तुम्हाला एक शब्द वाईट बोलला नाही, हाच त्याचा बचाव होणार. गप्प बसल्याचा पुरावा काय आणायचा?”

तेव्हा मी त्यांना चंद्रीचं सांगितलं.

तुला आठवतच असेल. आई रोज सकाळ-संध्याकाळ धार काढायला बसली की चंद्रीशी बोलायची, आणि मी गोठ्याच्या मागच्या बाजूला भांडी घासायची. “चंद्रे, आज आमटीत मीठ ज्यादा पडलंय गं, भातात दही घालून खा म्हणावं.” “चंद्रे, लई वाळलीस. दूध पीत जा की जरा.” म्हशीला दूध पी म्हणणारी आपली आई! मला हसू यायचं आणि भांड्यावर राख तशीच राहायची. एकदा म्हणाली, “चंद्रे, तुझ्या पोटी लेकरू न्हाय, मालक गेला, आता आम्ही बी असं केलं. तू मनाला लावून घिऊ नगंस.” चंद्रीला तर तोवर तीन वेतं झाली होती. मी भांडी घासत राहिले. ती पाच मिनिटं मिळाली की माझा दिवस निघायचा.

मे महिन्यात तू ते ऐकलंस. तू आईला एका शब्दानं बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी दाराशी टेम्पो लावलास आणि चंद्रीला चढवलंस.

वकीलबाई आधी हसल्या, मग त्यांनी लिहायला घेतलं. ऐन दुधातली म्हैस कुणी विकतं का, हे कोल्हापूरच्या कोर्टात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आणि साक्षीदार आपल्या पायानं चालत आला. मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारायला बसते, तिथं गेल्या महिन्यात, चंद्री ज्यानं विकत घेतली तो केरबा मोतीबिंदू दाखवायला आला. मला ओळखून म्हणाला, “ताई, मला तवापास्नं कोडं पडलंय बगा. मी इचारलं, पावणं, दुभती म्हस का इकाय लागलायसा? तर तुमचा भाऊ म्हणतो, घरात तिच्यासंगं लई बोलणं व्हाय लागलंय. असं कुठं आस्तंय व्हय?” मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि साक्ष द्याल का विचारलं. केरबा म्हणाला, “त्यात काय, खरं त्ये खरं.”

तेव्हा भावनिक छळाचा पुरावा म्हणून तुझ्या म्हशीची साक्ष होणार आहे, विश्वजित. पेपरात येईल. लोक हसतील. हसू देत.

ही झाली माझी तक्रार. दुसरीचं लिहायचं मी मघापासून टाळतेय.

माझं ऐकून झाल्यावर संघप्रियाबाई म्हणाल्या, “माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गावानं वर्षभर आमचा किराणा बंद ठेवला होता. बहिष्कार काय असतो ते मला पुस्तकातनं शिकावं लागलं नाही. त्याचा वेगळा कायदा आता आपल्या राज्यात आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कुणी कुणाशी बोलावं अशी सक्ती कायदा करत नाही. पण बोलू नका असा हुकूम काढणं हा गुन्हा आहे. तो हुकूम दाखवा.” आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, “त्याआधी मला सांगा, तुमच्यावर यायच्या आधी तुम्ही स्वतः कुणाकुणाला वाळीत टाकलंत?”

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं.

आक्काताई आत्यानं गेल्या वर्षी एका रविवारी भर पाठात काकामहाराजांना विचारलं होतं, “तुमच्या गुडघ्याला कोल्हापूरचा डॉक्टर चालतो, मग माझ्या साखरेच्या सुईला का नगं म्हणतासा?” काकामहाराज हसले आणि म्हणाले, आक्काताईंना विश्रांती द्या, त्यांच्याशी बोलू नका. तेवढंच म्हणाले. परिवाराची वही माझ्याकडे होती, अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं आणि तू उभा राहून खणखणीत आवाजात वाचलंस: “आक्काताईंना आजपासून विश्रांती देण्यात येत आहे. त्यांच्याशी कुणी बोलू नये. त्यांना पाणी विचारू नये. त्यांच्या हाकेला ओ देऊ नये.”

शेवटची दोन वाक्यं काकामहाराजांची नाहीत. ती माझी आहेत. नुसतं ‘बोलू नये’ अपुरं वाटलं, म्हणून मी घातली. वाचून झाल्यावर तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, छान लिहिलंय अशी, आणि मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं महिन्याभरात मंगळवारच्या बाजाराला मी मुरगूडच्या स्टँडवर उभी होते. आत्या मलकापूरला लेकाकडे राहायला निघाली होती, हातात दोन पिशव्या. तिनं मला हाक मारली. “संयू!” मी समोरच्या बोर्डावरची गावं वाचत राहिले. तिनं अजून दोनदा हाक मारली. स्टँडवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा आत्या शेजारच्या बाईला म्हणाली, “न्हाय वं, माझीच चूक. मला आमची पोरगी वाटली, दुसरीच हाय कोण तर.” माझी लाज तिनं झाकली. जिनं मला न्हाऊ-माखू घातलं, तिला मी दुसरीच कोण तर झाले.

यंदा जानेवारीच्या शेवटी ती गेली. मी मलकापूरला मातीला गेले. आकारामनं मला दारातून हाकलून द्यायला हवं होतं, त्यानं पाणी दिलं. आल्यावर पुढच्या रविवारी तुम्ही माझं नाव वहीत घातलंत. कुणी लिहिलं माहीत नाही, पण मजकूर तोच होता, शब्दाला शब्द. नमुना म्हणून माझंच पान समोर ठेवलं असणार.

म्हणून आत्याची तक्रार तिच्या मुलाच्या नावानं जाणार आहे. वही तुमच्याकडे आहे, तिची पानं माझ्याकडे नाहीत, असं समजून निर्धास्त राहू नकोस. आत्याच्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. अक्षर सुंदर आलं म्हणून मीच काढून ठेवला होता. काकामहाराजांनी हुकूम दिला, तू वाचलास, मी लिहिला. तिघंही आरोपी. संघप्रियाबाई म्हणाल्या, “तुमचं अक्षर आहे हे तुम्ही स्वतः कबूल करायला निघालाय. शहाण्या अशिलाला मी हे करू देत नाही.” मी म्हटलं, माझं अक्षर धरल्याशिवाय त्याचा आवाज धरता येणार नाही. करू द्या.

आता शेवटचं. तुझ्यासाठी हेच सगळ्यात वाईट आहे.

आईचं नाव आरोपींत घालायचं का, असं बाईंनी विचारलं. पाच महिने तीही बोलली नव्हती. मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं, आरोपींत नको, साक्षीदारांत घाला. त्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली होती, तिनं सगळं ऐकलंय. तेव्हा तिला समन्स निघेल, तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर, तूच सही करून घेशील. तूच तिला गाडीत घालून कसबा बावड्याला कोर्टात आणशील. तिथं काकामहाराजांची विश्रांती चालत नाही. साहेब विचारतील, आजी, हे अक्षर कुणाचं? आणि आईला माझं नाव घ्यावं लागेल. माझ्यासमोर, मोठ्यानं, कोर्टाला लिहून घेता येईल असं. माझ्याविरुद्धच बोलेल, बोलू दे. मला माझ्या आईच्या तोंडून माझं नाव ऐकून नऊ महिने झाले आहेत.

आणि त्या वेळी तू कुठं असशील? पिंजऱ्यात, माझ्या शेजारी. तिथं जागा फार नसते, खांद्याला खांदा लागतो. पुकारा झाला की तुलाही ओ द्यावा लागेल, मलाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी तुझ्याशी बोलणार आहे.

आईला नमस्कार सांगू नकोस, ती अडचणीत येईल.

तुझी ताई आणि सहआरोपी,
संयोगिता