पाचव्या हाताचा जोड

प्रिय ट्रूडी,

शुक्रवारी सही करू नकोस. काल तू पाठवलेल्या फोटोंपैकी तिसरा पाहिला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता तर तू मला मध्येच तोडलं असतंस, आणि मी तोडू दिलं असतं.

तू लिहितेस, "आत्या, या वर्षी गिब्सनटनला जत्रेच्या पाळण्यांच्या बाजारात तू नाहीस, तर मीच पाळण्याखाली लोळले. दिवे बंद करायला लावले, गाणी बंद केली, प्रत्येक जोडावरून नख फिरवलं. विकणारा म्हणाला, 'बाई, तुम्ही विल्माच्या कोण?' 'धूमकेतू'ला नाव ठेवून दाखवच!" ठेवते. तो आठ हातांचा पाळणा पूर्वी 'रातपाखरू' होता, आणि आपला होता.

फोटोत पाचव्या हाताच्या मुळाशी लोखंडी पट्टा आहे. पट्टा संपतो तिथे वेल्डिंगचे तीन ठिपके आहेत. काम संपलं की तीन ठिपके देऊन थांबायची सवय तुझ्या आजोबांची. दुसरं कुणी तसं करताना मी पाहिलेलं नाही.

घरात कॉलेजला गेलेली मी एकटी, म्हणून पंचविसाव्या वर्षी आपल्या फिरत्या जत्रेसाठी पाळणे निवडायचं काम माझ्याकडे आलं. ते रातपाखरू मी निवडलं. पाचव्या हाताला केसाएवढी रेघ होती. धातूंबद्दल दोन वर्षं शिकले होते मी, तरी रंग तडकला असेल असं स्वतःला सांगितलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला आजोबांना दाखवून द्यायचं होतं. वाळूच्या गोण्या ठेवून फिरवला, तेव्हा काही झालं नाही.

आपल्याकडे जो पाळणा निवडतो तोच त्यात पहिला बसतो, फाटक उघडण्याआधी, सगळ्यांसमोर. इंडियानातल्या त्या मे महिन्यातल्या सकाळी मी बसायला हवं होतं. मी पोट धरून बसले आणि म्हटलं, माझ्याऐवजी लायलला बसवा. तुझा बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पुस्तकं पचली हिला, मक्याचं कणीस नाही पचलं!" आणि टोपी माझ्याकडे फेकून नेमका पाचव्या खुर्चीत बसला. फाटकाकडे तोंड होतं म्हणून. तू तेव्हा दोन वर्षांची, तिथे आईच्या कडेवर होतीस.

पहिल्या तीन फेऱ्या त्याचं हसू ऐकू येत होतं. चौथ्या फेरीत हात तुटला. पाळणा थांबायला मिनिटभर लागलं, आणि सात रिकाम्या खुर्च्या तेवढा वेळ गाण्यावर फिरत राहिल्या. ते हसू माझ्या कानात थांबलेलं नाही. यंत्र कुठलंही असो, चौथी फेरी आली की मी श्वास धरते.

माझं पोट दुखत नव्हतं, ट्रूडी. मी घाबरले होते. म्हणजेच मला माहीत होतं.

नंतर आजोबांनी सांगितलं की लायलने थट्टेत खुर्चीचा आडवा बार लावलाच नाही. जत्रा वाचवायची होती, आणि गेलेला माणूस खोटं पाडायला येणार नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी नवा हात बसवला, पट्टा मारला. पाळण्यावरची कारखान्याच्या नंबराची पट्टी मी स्वतः काढली आणि हिवाळ्यात तो परराज्यात विकला. नव्या माणसाला काही सांगितलं नाही.

लोक म्हणतात, "विल्मा आली, आता रांगणार." त्याला तुम्ही माझी शिस्त समजलात. मी अडतीस हिवाळे त्या रातपाखरालाच शोधत होते. परक्या गावात जत्रा दिसली की गाडीची काच खाली करून आवाज ऐकते. पेपरात अपघाताची बातमी आली की पाळण्याला हात किती होते ते आधी वाचते, माणसं किती ते नंतर. मग तू मोठी झालीस आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा बार दोनदा ओढून बघायला लागलीस. कुणी हसलं की म्हणायचीस, "माझा बाप निष्काळजीपणाने गेला, मी नाही जाणार." प्रत्येक वेळी मी जवळच उभी होते.

आता तू तो निवडला आहेस, म्हणजे पहिली तू बसणार. तुला नुसतं "घेऊ नकोस" म्हणाले असते तर तू ऐकलं असतंस, कारणही विचारलं नसतंस, आणि पाळणा दुसऱ्या कुणाकडे गेला असता. म्हणून आज सकाळी आधी जत्रेचे पाळणे तपासणाऱ्या राज्याच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईने दोनदा विचारलं, "वकील नको का?" नको म्हटलं. तुझ्या बापाने बार लावला होता. मी टोपी हातात घेऊन समोर उभी होते, तो लावताना मी पाहिलं, खटका बसल्याचा आवाजही ऐकला. तू रागावशील ते योग्यच आहे. मला भेटायला येण्याची घाई करू नकोस.

तुझीच,
विल्मा आत्या

बुधवारी सकाळी दहा वाजता तपासणी कार्यालयात दिलं, पोच घेतली: कारखान्याच्या नंबराची पितळी पट्टी, एक. आजोबांची दुरुस्तीची वही, एक. माझ्या सहीचं निवेदन, चार पानं.

या पत्रासोबत तुझ्याकडे: त्याच निवेदनाची प्रत. लायलची टोपी.