बॅकअपचे सात पॉइंट

२ मार्च २०२५, रविवार
बीपी १४८/९०.
डॉक्टरांनी ही वही बीपी लिहायला सांगितली आहे. पण आकड्याला एक ओळ लागते आणि पान मोठं आहे. उरलेल्या जागेत कामाचं लिहीत जाईन. रडगाणं लिहायचं नाही.

निर्णय: गच्चीवरच्या सोलरला बॅटरी बसवायची. एप्रिल लागायच्या आत.

कारण मिनल. मागच्या मे महिन्यात भर दुपारी चार तास लाइट गेली होती. मला भोवळ आली आणि शेजारच्या रंभाबाईला मी हॉलच्या फरशीवर सापडले. मिनल पुण्याहून विमानानं आली. जाताना म्हणाली, आई, पुढचा उन्हाळा एकटीनं नीट काढलास तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही निघाला, तर हे घर भाड्यानं द्यायचं आणि माझ्याकडे यायचं. मी लगेच हो म्हटलं. पंख्यापायी नागपूरचं मनीषनगर सोडणारी बाई मी नाही.

मिनलच्या बाबांशी याचा काही संबंध नाही. रंभाबाईला तसं वाटतं म्हणून लिहून ठेवलं.

५ मार्च
बीपी घ्यायचं राहिलं.
सोलर असून लाइट जातेच कशी, हे रंभाबाई तीन वर्षं विचारते आहे. तिला पुन्हा समजावलं. खांबावरची लाइट गेली की सोलरही आपोआप बंद पडतं. नाहीतर आपली वीज तारेत उलटी जाईल आणि वर चढलेला लाइनमन मरेल. मिनलच्या बाबांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यांची एकतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, त्यांचं चुकायचं नाही.

पॅनेल लागली त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले होते. आमच्याकडे आता लाइट जाणार नाही, असं प्रत्येक दारात सांगितलं होतं. चौथ्या दिवशी टळटळीत उन्हात गेली. मिनलचे बाबा दोन दिवस गल्लीत फिरले नाहीत.

रंभाबाई म्हणाली, काहून वं प्रेमिला, माझ्यावाणी साधं इन्व्हर्टर घे ना. महिन्याले पाणी टाकलं का झालं. मी म्हटलं, वर ऊन फुकट चाललंय. ती म्हणाली, ऊन तं माझ्याही गच्चीवर फुकटच जाते, मी काय त्याच्या मागं धावून राहिली का.

तिला दूरचा विचार करता येत नाही.

११ मार्च
सोलर कंपनीची वैभवी आली. इंजिनीयर आहे, स्कूटरवर येते, शिडी स्वतः चढते. जुना इन्व्हर्टर काढून दुसरा लावावा लागेल म्हणाली. नव्याला बॅटरी जोडता येते. बॅटरी लिथियमची, तिच्यात पाणी घालायचं नाही. जिन्याखालची भिंत तिला पसंत पडली, तिथं ऊन येत नाही.

दिवसा पॅनेल आधी घर चालवतील, मग बॅटरी भरतील, उरलेली वीज खांबावर जाईल. मला एकदाच सांगितलं आणि कळलं. शाळा आठवीपर्यंतच झाली, पुढचं मी वाचून मिळवलं आहे. तिच्याकडून नव्या इन्व्हर्टरचं पुस्तक मागून घेतलं. चौऱ्याऐंशी पानं, इंग्रजी. ती म्हणाली, काकू, हे कोणीच वाचत नाही. मी म्हटलं, म्हणूनच बिघडतं. रोज सहा पानं, पंधरवड्यात संपेल.

१२ मार्च
दोन पानं. सूचनाच आहेत. शब्दकोश कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, स्टूल घेऊन चढायला मिनलनं मनाई केली आहे.

१८ मार्च
बीपी १४२/८८.
पुस्तकाचं पान ४. मधे धुळवड आली.

वैभवी बॅकअपची यादी करायला आली होती. बॅटरीवर अख्खं घर चालत नाही. एसी, गीझर, पाण्याची मोटर तर नाहीच. निवडक पॉइंटची वेगळी वायर ओढायची, लाइट गेली की तेवढेच चालू राहतात. ती म्हणाली, काकू, घाई नको, दोन दिवस विचार करून सांगा.

मला विचार करावा लागला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, तिनं लिहून घेतलं.

१. मागच्या खोलीतला पंखा
२. मागच्या खोलीतला कूलर
३. तिथलाच पलंगाशेजारचा मोठा सॉकेट
४. त्याच्या खालचा छोटा सॉकेट
५. मागच्या बाथरूमचा दिवा
६. तिकडे जाणाऱ्या बोळाचा दिवा
७. दाराची बेल

वैभवीनं कागद पुन्हा वाचला. विचारलं, तुम्ही झोपता मागच्या खोलीत का? मी म्हटलं, नाही, हॉलमध्ये दिवाणावर. मग ही खोली कशाला, म्हणाली. मी सांगितलं, ती घरात सगळ्यात थंड आहे. तिनं तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. दुपारचे चार वाजले होते. चार वाजता कुठलीही भिंत तापते.

किचनचं काय, म्हणाली. स्वयंपाक काय कोणी पंख्याखाली करतं का, गॅस विझतो. फ्रिज? फ्रिजमध्ये असतं काय माझ्या. आणि बेल कशासाठी, तिचं एवढं काय? मी सांगितलं, सिलिंडरवाला येतो, लाइट नसली की बेल वाजत नाही आणि तो बाहेर ताटकळतो. ती म्हणाली, गॅसवाला तर हाक मारतो ना काकू. मी म्हटलं, हो, तोही.

मुलगी हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते.

१९ मार्च
रंभाबाईला यादी दाखवली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग म्हणाली, वं बाई, हे तं चंपतरावांचं सगळं झालं. तुह्यं कुठी हाये याच्यात?

चष्मा न लावता वाचते ती.

मोठ्या सॉकेटवर ऑक्सिजनचं मशीन चालायचं, हे खरं आहे. छोट्यावर वाफेचं. ऑक्सिजनचे सिलिंडर आणणारा बेल वाजवायचा. ह्यांची फुफ्फुसं गेलेली होती, त्या शेवटच्या आठ महिन्यांत लाइट गेली की मी पान्यानं सिलिंडर उघडायचे आणि नळी बदलायचे. पन्नास सेकंदांत करायचे. नर्स मला शाबास म्हणाली होती. पण ती गोष्ट दीड वर्षापूर्वीची. आणि हे गेले ते धंतोलीत दवाखान्यात गेले, तिथं लाइट होती. चांगली भक्क होती. त्या दिवशी बॅटरी असून काही झालं नसतं. म्हणजे संबंध नाही हे सिद्ध झालं.

३० मार्च, पाडवा
बॅटरी आज बसवायचा मुहूर्त मी वैभवीला दिला होता. बॅटरी अजून नागपुरात पोचलेली नाही. पाडवा दिवसभर चांगलाच असतो, अशी आशा धरून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. श्रीखंड एकटीनं खाल्लं.

पुस्तकाचं पान ९. त्यावर नुसतं चित्र आहे.

९ एप्रिल
बसली! पांढरी पेटी आहे, शाळेच्या दप्तराहून मोठी, कपाटाहून लहान. वैभवीनं सकाळी मेन बंद करून दाखवलं. आम्ही बोळात उभ्या होतो. दिवा हललासुद्धा नाही. मी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत मेन चालू केलं. परीक्षा पास.

मिनलला कळवलं, आता तुझी आई स्वयंपूर्ण. ती म्हणाली, मे जाऊ दे.

रंभाबाई बघायला आली. पेटीभोवती फिरून म्हणाली, वाजत नाही, पाणी पीत नाही, अशी सून पायजे होती मले.

१४ एप्रिल
बीपी घेतलं नाही. बॅटरीचा आकडा घेतला: ९६.

वैभवीनं फोनमध्ये ॲप टाकून दिलं आहे, त्यात बॅटरी किती भरली ते दिसतं. सकाळी उठून आधी तेच बघते. ९५-९६ असली की बरं वाटतं. ९० च्या खाली गेली की पाणी पिते आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघते. काल ८७ झाली, तर मी वैभवीला फोन केला. ती म्हणाली, काकू, वीसपर्यंत गेली तरी काही होत नाही. मी म्हटलं, तुम्हाला सोपं वाटतं, ८७ ला माणसाचे ओठ निळे पडतात. ती हळू आवाजात म्हणाली, काकू, बॅटरीचे नाही पडत.

बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजनचे आकडे दाखवायचं ते वेगळं होतं. हे मला कळतं. एवढंच की डोळ्यांना सवय आहे.

२२ एप्रिल
ऊन मरणाचं. कूलरमध्ये नवीन गवत भरून घेतलं. मागच्या खोलीतल्या.

अडचण अशी की लाइटच जात नाही. बॅटरी बसून दोन आठवडे झाले. दरवर्षी या दिवसांत रोज जायची. यंदा काय झालंय कळत नाही.

२६ एप्रिल
वीज कार्यालयात फोन लावला. त्या माणसानं विचारलं, लाइट गेली का मॅडम? मी म्हटलं, नाही, आहे. मग तक्रार काय? मी म्हटलं, तक्रार नाही, कधी जाणार आहे ते विचारायचं होतं. तो म्हणाला, बाई, दुपारची वेळ आहे, चेष्टा नका करू, इथं आमचा कूलर बंद पडून राहिला.

फोन ठेवल्यावर मला हसू आलं. मग हे कोणाला सांगायचं हे बघायला मान वळवली. ती सवय मोडायची आहे. निर्णय: एक मेपासून.

पुस्तकाचं पान ११.

६ मे, मंगळवार, संध्याकाळी साडेसहा
नीट लिहून ठेवते.

साडेतीनला वावटळ सुटली, पत्रे वाजले, पावणेचारला लाइट गेली. मला आनंद झाला. मिनलला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं, बघ, लाइट गेली आहे आणि तुझी आई मजेत आहे. ती म्हणाली, तू दिसत नाहीस गं, अंधार आहे. वादळामुळे आभाळ काळं झालं होतं आणि मी हॉलमध्ये बसले होते. वरचा पंखा थांबलेला होता. पदरानं वारा घेत होते ते तिला दिसलं असावं. ती म्हणाली, आई, बॅटरी चालू झालीच नाही का?

मी म्हटलं, झाली कशी नाही, ये दाखवते. फोन घेऊन मागं गेले. बोळात दिवा. बाथरूममध्ये दिवा. खोलीत पंखा गरगर फिरतोय, लाइट जाईल म्हणून तो आणि कूलर मी रोज दुपारी लावूनच ठेवते. कूलर पूर्ण जोरात, नव्या गवताचा वास, पडदा उडतोय. गार वारा सरळ पलंगावर. पलंगावर गादी नाही, ती मीच मागच्या दिवाळीत देऊन टाकली. लोखंडी पट्ट्यांवरून वारा चालला होता.

मी फोन फिरवून सगळं दाखवलं. पंखा दाखवला, सॉकेटचा लाल दिवा दाखवला. म्हटलं, बघ, पन्नास सेकंदसुद्धा लागले नाहीत. नेटवर्क गेलं असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग मिनलचा आवाज आला, आई, तू कोणासाठी लावलीस गं बॅटरी?

मी म्हटलं, ही खोली थंड असते.

तेवढ्यात बेल वाजली. रंभाबाई होती, हातात ताक. मला बघायला आली होती, मागच्या वर्षीसारखी पडले की काय. म्हणाली, घामानं भिजून गेली वं तू, अन् अंदर कूलर कोणासाठी चालून राहिला? चाल, बस तिथं. मी म्हटलं, त्या खोलीत मी बसत नाही. हे मी मोठ्यानं बोलले तेव्हाच मला कळलं. फोन चालूच होता.

लाइट सहाला आली. बॅटरीत अजून ८१ होते. सव्वादोन तास रिकाम्या पलंगाला वारा घातला, तरी एवढी उरली. बॅटरी चांगली आहे.

९ मे
वैभवी आली. मीच बोलावलं. वायर बदलायला अर्धा दिवस लागेल, भिंत फोडावी लागणार नाही, म्हणाली. कोरा कागद काढला. म्हणाली, काकू, आता फक्त तुमचं. लाइट गेली की तुम्हाला काय काय लागतं?

मी हॉलकडे पाहिलं, किचनकडे पाहिलं. ह्यांना काय लागायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. उशी किती उंच, पंखा किती आकड्यावर, दिवा कुठल्या बाजूला. माझं काही आठवेना. एवढी वर्षं मी या घरात बसते कुठं, हेच सांगता येईना. म्हटलं, चहा करते, तोवर सुचेल.

ती माझ्यामागं किचनमध्ये आली. चहा मी ओट्याशी उभ्यानं पीत होते. तिनं विचारलं, काकू, रोज इथंच पिता का? हो म्हटलं. तिनं कागदावर लिहिलं: १. ओट्यावरचा दिवा. मग स्वतःच्या मनानं लिहिलं: २. हॉलचा पंखा. तिसरा आकडा घालून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे, बाकीचं कळवते.

जुने सात काढायचे का, विचारलं. तेही कळवते म्हटलं.

१२ मे
बीपी १५०/९२.
मिनलनं पुण्याचा विषय काढला नाही. तिनं काढला असता तर मी भांडले असते, माझी तयारी होती. शेवटी मीच काढला. म्हटलं, काम अर्धवट आहे, वायरिंगचं चाललंय, तोवर थोडे दिवस तुझ्याकडे येते. हरून नाही, सोयीसाठी. ती म्हणाली, हो आई, सोयीसाठी.

तिनं लगेच तिकीट काढायला घेतलं. मी बजावलं, परतीचंही काढ. काढते, म्हणाली, कोणत्या तारखेचं?

परत यायचं तर आहेच. तारीख तेवढी सांगता आली नाही, म्हणून सध्या फक्त जायचं काढलं आहे.