जाळ्याचा कोपरा

अप्पा,

त्या सकाळी शेतात गेल्यावर मी आधी हौदाकडे गेलो नाही. नेहमीसारखी तुमच्या समाधीवर बेलाची पानं ठेवली, भस्म लावलं, आणि उठताना लक्षात आलं की हवेच्या पंपाचा आवाज येत नाही. पहाटे कधीतरी लाइट गेली होती. हौदावर वाकून पाहतो तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून नुसती उघडझाप करताहेत. मी बादलीनं पाणी उचलून उंचावरून परत हौदात ओतत राहिलो, तेवढीच पाण्यात हवा मिसळावी म्हणून. खांदे भरून आले. तरी ऊन वर येईपर्यंत पुष्कळ मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागले होते.

तुम्हाला हा हौद ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी बांधला. मासे खाली राहतात, त्यांच्या घाणीचं पाणी पंपानं वरच्या खडीच्या वाफ्यांत चढवायचं. पालक, मेथी, पुदिना त्यातलं खत शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं. माती लागत नाही, पाणीही थोडकं पुरतं. परभणीला जाऊन शिकून आलो. लिंगायताच्या शेतात मासे कशाला, असं लोक विचारतात तेव्हा मी पाण्याची बचत सांगतो. खरं कारण तुमची विहीर आहे. जेवायला बसण्याआधी तुम्ही भाकरीचा तुकडा विहिरीत टाकायचात आणि मासे वर येईपर्यंत काठावर थांबायचात. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. तुम्हाला बाजेवरून उठवत नव्हतं. "आधी त्यायला डोहात सोडून ये," म्हणालात, "मग मला वाढा." मी मासे घागरीतून नदीवर नेले, सोडले, परत येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही दोन घास खाल्लेत. त्या पावसाळ्यात तुम्ही नव्हतात. विहिरीला पाणी आलं, मासे आले नाहीत.

शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं की हौदातली ही चिलापी माशाची जात भराभर वाढते, पिल्लं घालते, मोठे मासे अधूनमधून काढावेच लागतात. नदीतही सोडू नका, ती तिथल्या माशांना राहू देत नाही. मी मान हलवली. भाजी काढून मानवतच्या बाजारात नेत राहिलो, मासा मात्र एकही काढला नाही. "ह्यानं माशायची गोशाळा घातली बघा," असं पारावर म्हणायचे, आणि खरं सांगू, मला ते ऐकून बरं वाटायचं. आपल्या हातून जीव जात नाही एवढंच मी पाहत होतो. हौदातली दाटी रोज दिसत होती. एवढी दाटी नसती तर लाइट गेली तरी ते तगले असते.

मेलेले मासे टोपलीत भरताना तुमची सून तोंडाला पदर लावून उभी होती. "अहो, ऱ्हायलेल्यातले तरी अर्धे द्या कुणाला," ती म्हणाली. "तुमी मारीनात, म्हणून हे असे मरायलेत." मी बांधाला खड्डा घेतला. आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, म्हणून त्यांनाही पुरलं. वर चिमूटभर भस्म टाकलं आणि तिथंच बसून राहिलो.

बसल्या बसल्या नदीवरचा तो दिवस आठवला. मी लहान आहे, पोरांबरोबर फडक्यानं मासे धरतोय, आणि गळ्यातलं इष्टलिंग बाभळीच्या फांदीला अडकवलेलं आहे. तुम्ही वरून येताना दिसता. मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतो. तुम्ही मारत नाही. फांदीवरचं लिंग काढून माझ्या गळ्यात घालता आणि म्हणता, "जे काम हे काढून ठिवून करावं लागतंय, ते काम आपलं न्हवं बाबा." एवढंच बोलून वाटेला लागता. त्यानंतर मी ते कधीच काढलं नाही, आजारपणातही नाही.

आता तेच वाक्य आडवं येत होतं. मासे काढले नाहीत तर पुन्हा एखाद्या पहाटे सगळे गुदमरणार. काढावेत तर तुमचं वाक्य. रोज पूजेला बसायचो, लिंग तळहातावर घ्यायचो आणि विचारायचो. तिकडे हौदात तोंडं पुन्हा वर यायला लागली होती.

परवा मासेवाल्याला फोन केला. तो जाळं घेऊन आला, माझ्याकडे पाहून हसला. "मालक, तुमी तिकडं पालक खुडत बसा. झाल्यावर हाक मारतो."

"न्हाई. एक कोपरा मी धरतो."

"धरा की. पण गळ्यातलं तेवढं काढून ठिवा, घाण उडंल त्याच्यावर."

"उडू द्या," मी म्हणालो.

हे सगळं समाधीपाशी सांगायचं होतं. बेल ठेवला आणि तसाच घरी येऊन लिहायला बसलो. हा कागद तिथं ठेवणार नाही, माझ्यापाशीच राहू दे. तुमच्या वाक्याला मी जागलो की ते मोडलं, मला कळत नाही. अर्धे मासे मासेवाल्याबरोबर गेले. राहिलेले आता तळाशी फिरतात. जाळं वर येताना मी गळ्यातलं काढलं नाही, हातही सोडला नाही. डोळे मात्र मिटून घेतले होते, अप्पा.