तूप तुला, ताक मला

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज आईनं माझ्या ताटात चपाती वाढली, वर तुपाची धार. तुझ्या वाटणीची. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

जळत होतो रं मी तुझ्यावर. लय जळत होतो. सांगलीच्या एकाच छापखान्यात आपण दोघं छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो, घाईत दोघंही ते ओठांत धरायचो. पण घरी आलं की रेशनचे गहू तुला आणि नाचणीची भाकरी मला. तूप तुला, ताक मला. शेवग्याचा पाला तर माझ्याच पुढ्यात. "त्यो थोरला हाय, शिशात राबतोय," आई म्हणायची. मग मी काय साखरेत राबत होतो?

तूही काही कमी नव्हतास. माझ्याकडं बघत बघत चपातीला तूप चोळायचास. एकदा तरी अर्धी मोडून द्यायची होतीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. हिरड्यांवर निळी रेघ आली, मनगट लुळं पडलं. खरं सांगू? तेव्हाही मनात आलं, आता आई तुझे आणखी लाड करणार.

तू गेलास त्या दिवशी मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. घरात कोण काय खातं ते विचारलं. म्हणाले, "तुमच्या भावाच्या अंगात शिसं भिनलं होतं. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिसं त्यांची जागा बळकावतं. तुमच्या नाचणीत, ताकात, पाल्यात ते दोन्ही होतं. नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही त्यानंच वाचला असाल."

आईला हे सांगितलेलं नाही. जिभेवर आलं होतं, दादा. "आई, तुझे लाडच थोरल्याला बाधले," असं तिच्या तोंडावर फेकणार होतो. चुलीपुढं वाकलेली तिची पाठ दिसली आणि तसाच मागं फिरलो.

उद्याही मला खिळ्यांतच हात घालायचाय. म्हणून आज ताट सारून म्हटलं, "आई, मला नाचणीच दे."

तिचा चेहरा पडला. "माझ्या हातचं तुला कवाच गोड लागलं न्हाई. थोरला कसा चाटूनपुसून खायाचा."

शब्द देतो, दादा. खिळा पुन्हा ओठात धरणार नाही. आणि ती असेतोवर भाकरीच मागीन, तिची बोलणी खाईन, पण का ते सांगणार नाही.

तुझा धाकटा,
बाळू